सल्ल्याची संमती कधी झाली?

माळरान:
काल कॉलेजच्या लायब्ररीत संविधान सभेच्या चर्चांचा आठवा खंड काढून बसलो होतो. २४ मे १९४९ चं कामकाज. काही सदस्यांची दुरुस्ती होती की न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीशांचा नुसता सल्ला नको, संमती हवी. बाबासाहेबांच्या उत्तराचा मथितार्थ असा: सरन्यायाधीश कितीही मोठा असला तरी माणूसच. राग-लोभ, पूर्वग्रह त्यालाही सुटलेले नाहीत, त्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं. दुरुस्ती बारगळली. आणि १९९३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवलं की सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांच्या कलम १२४ मधलं 'कन्सल्टेशन' (सल्लामसलत) म्हणजे जवळपास संमतीच. त्यातूनच कॉलेजियम आलं, म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नावं ठरवायची पद्धत. (हा शब्द घटनेत कुठे सापडला तर सांगा.) सभेने विचार करून नाकारलेली गोष्ट शब्दाच्या पोटातून काढायची, याला अर्थ लावणं म्हणायचं का?

कोर्टाची पायरी:
अर्धंच भाषण आणलंत की हो! त्याच भाषणात ते असंही म्हणाले की नेमणुका कसलीही मर्यादा न घालता त्या त्या वेळच्या सरकारवर सोडणंही धोक्याचं. सल्लामसलत हा त्यांनी काढलेला मधला मार्ग.
शिवाय इतिहास १९४९ ला संपत नाही. २४ एप्रिल १९७३ ला संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद निकाल लागला आणि लगेच शेलाट, हेगडे, ग्रोवर या ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. राय सरन्यायाधीश झाले. १९७६ मध्ये आणीबाणीतल्या अटकांवरच्या एडीएम जबलपूर खटल्यात एकटे न्या. खन्ना सरकारच्या विरोधात गेले, पुढच्याच जानेवारीत तेही डावलले गेले. हे सगळं पाहिलेल्या पिढीने 'सल्ला' हा शब्द १९४९ च्या भाबडेपणाने वाचायचा?

माळरान:
भाषणाचा तो भाग राहिला, कबूल. पण डावलाडावली झाली ती सरन्यायाधीशपदासाठी. त्यावर ज्येष्ठतेचा नियम पुरेसा होता. बाकी सगळ्या नेमणुका स्वतःकडे ओढून घ्यायचं कारण काय?

चिकूची बाग:
मुळात भाषणांना इतकं डोक्यावर घ्यायचंच कशाला? जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं कलम २१ बघा. आधी मसुद्यात 'ड्यू प्रोसेस' होतं, म्हणजे कायदा न्याय्य आहे का हेही न्यायालयाने तपासायचं. सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि पुढे त्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. म्हणजे बदल मुद्दाम केलेला. १९५० च्या गोपालन खटल्यात न्यायालयाने तो तसाच वाचला: कायदा आहे ना, मग झालं. १९७८ साली मनेका गांधी निकालात पद्धत न्याय्य आणि रास्तही हवी असं ठरलं. सभेने काढलेलंच परत आलं की! त्यावर नाही काढलात धागा?

माळरान:
हे बरोबर लागलं. पण 'ड्यू प्रोसेस'वर बाबासाहेबांचंच तळ्यात-मळ्यात होतं. १३ डिसेंबर १९४८ ला दोन्ही बाजू मांडून निर्णय सभेवर सोडून मोकळे झाले, आणि पुढच्या सप्टेंबरात अटक झालेल्यांना संरक्षण देणारं आजचं कलम २२ आणून थोडीफार भरपाई केली. तिथला इतिहासच दोन तोंडांचा आहे. १२४ चा तसा नाही.
आणखी एक. २१ ताणलं तर नागरिकाच्या पदरात पडतं, १२४ ताणलं तर न्यायालयाच्याच. स्वतःच्या वाट्याचा हिशेब स्वतः मांडताना जुने कागद दुप्पट काळजीने वाचावेत एवढंच म्हणणं आहे.

नर्मदाकाठ:
संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती करून नेमणुकांचा आयोग आणला, निम्म्याहून जास्त राज्यांनी मान्यता दिली. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा तो रद्द केला. १९४९ ची सभा चालत नाही, २०१४ ची संसद चालत नाही. मग चालतं तरी कोण?

कोर्टाची पायरी:
त्या आयोगात सहा जण होते. त्यात कायदामंत्री आणि दोन 'मान्यवर'. कायद्याप्रमाणे कुठल्याही दोघांनी मान हलवली की नाव बाद. सरन्यायाधीशाला नकाराधिकार नाकारणाऱ्या बाबासाहेबांनी तो दोन मान्यवरांना दिला असता? तुमच्याच आठव्या खंडाने तुमचा आयोग पडतो, नर्मदाकाठ.
कॉलेजियमचा कारभार बंद खोलीतला आहे, यावर मात्र वाद नाही. न्या. चेलमेश्वर यांनी २०१५ च्या अल्पमतात ते स्पष्टच लिहून ठेवलंय.

माळरान:
पहिल्या पोस्टमध्ये भाषणाचा राहिलेला भाग घालतो. मत तेच आहे. खंड उद्या परत करायचाय, कोणाला एखादं पान हवं असेल तर रात्रीपर्यंत सांगा, फोटो काढून ठेवतो.