लेहला झेपणारा हिवाळा टेक्सासला का झेपला नाही?

माणदेशी (प्रश्न)

बँकेच्या नोकरीत माझी बदली लेहला झाली तेव्हा घरच्या मंडळींना चिंता होती ती स्वेटरांची. तिथे दोन हिवाळे काढल्यावर मात्र कपडे हा तिथल्या तयारीतला सर्वांत शेवटचा आणि सोपा भाग आहे, असे माझे मत झाले. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे भाडेकरू आमा-ले म्हणत असू, ऑगस्टपासूनच हिवाळ्याच्या मागे लागलेल्या असत. जर्दाळू छतावर पसरलेले असत, सलगमाचा पाला दोरीवर वाळत असे आणि लसूणघासाच्या पेंढ्या छताच्या कडेने अशा रचल्या जात, की दुरून पाहणाऱ्याला घराने पागोटे बांधल्यासारखे वाटावे. ऑक्टोबर सरता सरता अंगणातल्या खड्ड्यात बटाटे, गाजरे आणि मुळे पुरले जात. पुढे नळाला पाणी येणे थांबले की नळ्यांमधले पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकायचे आणि पिंप स्वयंपाकघरात आणायचे, कारण रात्रभर पाणी न गोठणारी घरात तेवढी एकच जागा होती. जानेवारीत रात्री पारा उणे १५ च्या आसपास असे आणि सगळे कुटुंब बुखारी म्हणजे लाकडाच्या शेगडीभोवती एकाच खोलीत नांदत असे. कोणाच्याही बोलण्यात संकटाचा सूर नसे. उलट लोसार म्हणजे तिथले नववर्ष, लग्ने, पाहुणचार हे सगळे त्याच दिवसांत चाले.

आता माझा प्रश्न. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये काही दिवस थंडीची लाट आली आणि राज्य सरकारच्याच मोजणीनुसार २४६ माणसे दगावली. तेल आणि वायू यांच्या जिवावर श्रीमंत झालेल्या राज्यात, लेहच्या माणसाला नेहमीच्या वाटणाऱ्या थंडीने हे कसे घडले? हा केवळ सवयीचा प्रश्न आहे, की तयारी नावाच्या गोष्टीत मला न दिसलेले आणखी काही आहे?

डॅलसकर

मी त्या आठवड्यात डॅलसच्या एका उपनगरात भाड्याच्या घरात सहकुटुंब राहत होतो, त्यामुळे आधी जे पाहिले ते सांगतो. १५ तारखेला पहाटे वीज गेली आणि १६ ला सकाळी शहराचे तापमान उणे १९ अंशांपर्यंत उतरले, जे तिथे सत्तर वर्षांत झाले नव्हते. आमच्या घरात उष्णतेची सगळी व्यवस्था विजेवर होती. दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या पातेल्यात पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला होता. मुलीला आम्ही कपड्यांच्या कपाटवजा खोलीत अंथरूण घालून झोपवले, कारण घरात बाहेरची भिंत नसलेली तेवढी एकच खोली होती. तुमच्या आमा-लेंचे कुटुंब जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठरवून करते, ती आम्ही घाबरून, अंधारात, मोबाईलच्या उजेडात शोधून काढली. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून जाणारी पाण्याची नळी फुटली आणि छताचा एक तुकडा दिवाणखान्यात आला. तिथली बहुतेक घरे उकाड्याचा विचार करून बांधलेली असल्यामुळे नळ्या माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतींतून नेलेल्या असतात.

परंतु आपण सवयीचा मुद्दा काढला आहे, तो मला अपुरा वाटतो. टेक्सासचे वीजजाळे देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या मोठ्या जाळ्यांपासून बहुतांशी वेगळे ठेवलेले आहे, त्यामुळे शेजाऱ्यांकडून वीज आणण्याची सोय अगदी थोडी होती. वायूच्या विहिरी, नळ आणि यंत्रे गोठल्यामुळे वायूवर चालणारी केंद्रे बंद पडू लागली. मागणी आटोक्यात आणण्यासाठी वीज तोडली गेली, तेव्हा वायू पुढे ढकलणाऱ्या काही पंपकेंद्रांचीही वीज तुटली, कारण त्यांच्या मालकांनी आपली नावे अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत नोंदवलीच नव्हती! म्हणजे वायू नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून वायू नाही. सुमारे ४५ लाख घरे अंधारात गेली. संपूर्ण जाळे कोसळण्यापासून अवघी ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होते, असे नंतर जाळ्याचे नियंत्रण करणाऱ्या संस्थेनेच सांगितले. दगावलेल्यांपैकी बहुतेक जण शरीराचे तापमान उतरल्यामुळे गेले. काही जण मात्र बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून किंवा घरात कोळसा पेटवून ऊब मिळवताना विषारी वायूने गेले.

या साऱ्यात सर्वांत बोलके उदाहरण एल पासो या शहराचे आहे. तेही टेक्सासमध्येच, पण राज्याच्या पश्चिम टोकाला असल्यामुळे पश्चिमेकडच्या जाळ्याला जोडलेले. फेब्रुवारी २०११ च्या थंडीत या शहराला जबर फटका बसला होता, तसा तो उर्वरित राज्यालाही बसला होता. त्यानंतर केंद्रीय नियामकांनी वीजकेंद्रांना थंडीपासून संरक्षण देण्याच्या सविस्तर शिफारशी केल्या. एल पासोने पैसे खर्च करून त्या मार्गाने काम केले. बाकी राज्यात त्या ऐच्छिक राहिल्या आणि ऐच्छिक गोष्टीचे जे होते ते झाले. २०२१ मध्ये एल पासोत थोड्याच घरांची वीज गेली आणि तीही अल्पकाळ. वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची करणारा कायदा राज्याने केला तो त्याच वर्षी, माणसे गेल्यानंतर. तेव्हा टेक्सासला थंडी ठाऊक नव्हती, असे मला म्हणता येत नाही. ठाऊक असलेली गोष्ट दहा वर्षांत विसरणे परवडले, इतकेच.

मातीचे घर

डॅलसकरांचे वर्णन वाचून अंगावर काटा आला. पण मूळ प्रश्नातले लेहचे चित्र थोडे गोड झाले आहे, अशी माझी तक्रार आहे. मी घरबांधणीच्या क्षेत्रात आहे आणि लडाखमध्ये तीन वर्षे काम केले आहे.

जुने लडाखी घर म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या जाड भिंती, लहान खिडक्या, तळमजल्यावर गुरे आणि त्यांच्या उबेवर वर माणसे. छतावरच्या ज्या पेंढ्यांना आपण पागोटे म्हणालात, त्या चाऱ्याचा साठा तर आहेतच, शिवाय थंडीही अडवतात. आज लेह शहरात सर्रास बांधली जातात ती घरे काँक्रीटची, मोठ्या काचांची आणि पातळ भिंतींची असतात. दिवसा दक्षिणेच्या काचघरात छान वाटते, पण सूर्य डोंगराआड गेला की भिंती तासाभरात गार पडतात. मग बुखारीत जास्त लाकूड आणि रॉकेल जाते. तीच गोष्ट शौचालयाची. माती आणि राख टाकून वापरायचे कोरडे शौचालय उणे २० अंशांतही चालते, कारण त्यात गोठायला पाणीच नसते, आणि उन्हाळ्यात त्याचे खत शेतात जाते. पर्यटकांसाठी बांधलेली फ्लशची शौचालये हिवाळ्यात बंद ठेवावी लागतात आणि भूजल दूषित करतात ते वेगळेच.

नव्याने जे चांगले झाले आहे तेही सांगायला हवे. फे गावाजवळच्या सेकमोल संस्थेच्या मातीच्या इमारती जवळजवळ केवळ उन्हावर उबदार राहतात. बाहेर उणे १५ असताना आत १४ अंशांच्या आसपास तापमान असते, हे ऐकून विश्वास बसत नाही, पण मी तिथे जानेवारीत एका स्वेटरवर बसलेलो आहे. श्रीनगरहून येणारी उच्चदाबाची वीजवाहिनी २०१९ मध्ये सुरू झाल्यामुळे, नद्या गोठून जलविद्युत घटली की डिझेल जनरेटरवर जगण्याचे दिवस बरेचसे संपले. त्याच वर्षी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेलही बाजारात आले. त्याआधी सकाळी ट्रकच्या टाकीखाली जाळ करून चालक बसलेले मी पाहिले आहेत आणि जीव मुठीत धरून तिथून लांब गेलो आहे.

माझी खरी काळजी श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या झोजी ला खिंडीची आहे. ती पूर्वी पाच-सहा महिने बंद असायची, आता बर्फ हटवण्याची व्यवस्था सुधारल्यामुळे कधी कधी महिन्या-दीड महिन्यातच उघडते. ही मोठीच सोय आहे, आणि बोगदा पूर्ण झाल्यावर ती आणखी वाढेल. पण रस्ता लवकर उघडतो म्हटल्यावर तरुण घरांमध्ये खड्डा खणणे, भाजी वाळवणे हे बंद होत चालले आहे. एखाद्या वर्षी हिमस्खलनाने रस्ता दोन महिने जास्त बंद राहिला तर काय, हा प्रश्न मी विचारला की मला हसून "विमान आहे ना" असे उत्तर मिळते. विमाने लेहच्या हवामानामुळे किती वेळा रद्द होतात, हे माणदेशींना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र अजून टिकून आहे. एकाच कुलदैवताची काही घरे मिळून जो गट होतो, त्याला फास्पुन म्हणतात, आणि जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी ती घरे एकमेकांकडे न बोलावता जातात. भर हिवाळ्यात घरात मृत्यू झाला तर सरपणापासून अंत्यविधीपर्यंत सगळे फास्पुनची माणसे पाहतात, शोकातल्या घराने चुलीकडेही बघायचे नसते.

निफाडकर

आमच्याकडे पारा पाच अंशांखाली गेला तरी वर्तमानपत्रात मथळा होतो, त्यामुळे या चर्चेत बोलायला संकोच वाटतो. तरी एक निरीक्षण मांडतो. थंडीत द्राक्षबागेसाठी आम्ही पुष्कळ करतो. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना कागद बांधतो, पहाटे ठिबक सुरू करतो, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतो, आणि रात्री दोनला उठून तापमापक पाहणारे शेतकरी गावात डझनाने सापडतील. त्याच रात्री, त्याच शिवारात ऊसतोड कामगार लहान मुलांना घेऊन पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत झोपलेले असतात, आणि पहाटे दव पडलेल्या उसात शिरतात. त्यांच्यासाठी पहाटे तापमापक पाहणारे कोणी मला तरी आठवत नाही. टेक्सासमध्ये दगावलेले लोक कोण होते, म्हातारे की गरीब, हे डॅलसकरांनी सांगितले तर बरे होईल.

डॅलसकर

वृद्ध बरेच होते, एकटे राहणारे होते, आणि घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले काही रुग्णही होते, ज्यांचे यंत्र विजेबरोबर थांबले. शेजारच्या दाराची कडी वाजवणारे फास्पुन आमच्या वसाहतीत नव्हते. आम्हीसुद्धा समोरच्या आजोबांकडे गेलो ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ते सुखरूप होते, ही आमची कर्तबगारी नव्हे.

माणदेशी, एक शंका आहे. सगळी जमीन गोठलेली असताना तो भाजीचा खड्डा उघडतात तरी कसा?

माणदेशी

सर्वांचे आभार. निफाडकरांच्या प्रश्नावर मला सुचलेले लिहायला थोडा वेळ लागेल.

खड्ड्याचे सांगतो. तो कंबरेपेक्षा खोल असतो आणि तोंडाशी पेंढा, वर पोते, त्यावर माती असा थर असतो, त्यामुळे खाली गोठत नाही. आमा-ले तो भर दुपारी, ऊन तोंडावर असतानाच उघडायच्या, आठवड्यातून एकदा. एक जण आत हात घालणार, दुसरा पोते धरून उभा, आणि बाहेर येणारे प्रत्येक गाजर आधी नाकाशी. सडलेले एक जरी निघाले तरी त्याच्या आजूबाजूची सगळी भाजी त्याच दिवशी भांड्यात जायची, मग घरात पाहुणे असोत वा नसोत. त्या आठवड्यात आम्हा भाडेकरूंना थुक्पा, म्हणजे शेवयांचे भाजी घातलेले सूप, जरा जास्तच मिळे.