जांघेतलं गजकर्ण: मलम सोडलं की दुप्पट उलटतं

पावशेर: दोन्ही जांघांत गोल चट्टे आहेत, कड लाल, मध्ये काळपट. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की खाज बसते, सोडली की आणखी पसरतं. हे बरेच महिने चाललंय. आता अंडकोषाचीही आग होते. ट्यूबवर क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन लिहिलंय. काय करावं?

खलबत्ता: खरी गोम त्या पहिल्या नावात आहे. क्लोबेटासॉल हे सगळ्यात जहाल स्टेरॉइडांपैकी एक. ते सूज आणि खाज दाबतं, पण त्याच्या आडोशाला बुरशी निवांत वाढते. जांघेची कातडी पातळ, घडीत झाकलेली, त्यामुळे औषध जास्त मुरतं आणि कातडीवर कायमचे ताणाचे वळ उठतात. जांघेतली बुरशी सहसा अंडकोषाला सोडून देते, म्हणून तिथली आग ट्यूबचीच असण्याची शक्यता जास्त. ट्यूब थांबवा. थांबवल्यावर काही दिवस लाली आणि खाज भडकेल, आणि नेमके त्याच वेळी लोक पुन्हा तीच लावतात. महिनोन्‌महिने वापर झालाय, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच पुढचं. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते का ते बघणं) करून घ्या. मधला भाग खरवडला तर बुरशी हाती लागत नाही.

निळी_शाई: लावण्याची रीतही बघा. डॉक्टरांनी लुलिकोनाझोल १ टक्का हे बुरशीचं मलम दिलं तर अंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करून, दिवसातून एकदा, चट्ट्याबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. खाज थांबली म्हणून सोडलं की पहिले पाढे पंचावन्न.

हल्ली आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी फार आढळते. तिला टर्बिनाफिन (तुमच्या ट्यूबमधलं बुरशीचं औषध) बऱ्याचदा लागू पडत नाही, म्हणून पोटात घ्यायचं इट्राकोनाझोल देतात. त्याची नेहमीची कॅप्सूल भरपेट जेवणावर घ्यायची. सोबत ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल चालू असेल तर ती नीट शोषली जात नाही. हृदय कमजोर असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. इट्राकोनाझोल ही मनाने सुरू करायची गोळी नव्हे.

आणि कमरेचा करदोटा काढा! ओला दोरा बुरशीचं घर असतो. टॉवेल आणि चड्ड्या वेगळ्या, गरम पाण्यात धुवा. घट्ट जीन्स तूर्त नको. घरात आणखी कुणाला खाज असेल तर उपचार एकाच वेळी.

आडसाली: तुमचं वर्णन गजकर्णाचंच वाटतं. पण इतरांनी दर पुरळाला गजकर्ण समजू नये. शिश्नाच्या टोकावर लाली, पांढरा थर, कातडीला चिरा असतील तर कॅन्डिडा ही वेगळी बुरशी, शुगर तपासा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी लघवीत साखर सोडते, तिच्यानेही होतं. रात्री वाढणारी खाज आणि लिंगावर, अंडकोषावर टणक गाठी म्हणजे बहुधा खरूज, तिथे गजकर्णाचं मलम फुकट. एखादी गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळपट गोल डाग उठत असेल तर ती औषधाची ॲलर्जी; गोळीचं नाव लिहून ठेवा. न दुखणारी जखम असेल तर व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) करा. मधुमेह्याला ताप, अंडकोषाला झपाट्याने सूज आणि असह्य दुखणं असेल तर त्याच तासाला कॅज्युअल्टी गाठा.

पावशेर: तोवर खाजेला काय?

खलबत्ता: सेट्रिझिन १० मिग्रॅ रात्री एक, झोप येते. डेटॉल, लिंबू, कडक साबण काही लावू नका.