सरकारी जंगलात तणनाशक: ईपीएची नोंदणी असेल तर हरकतीला जागा उरते का?

प्रश्न: अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या एका प्रकल्पात नव्या रोपांभोवती ग्लायफोसेट फवारणार आहेत. औषध ईपीएकडे (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) नोंदलेलं आहे, वापर लेबलप्रमाणेच होईल असं प्रकल्पाचा मसुदा म्हणतो. मग कोर्टात टिकेल असा मुद्दा कोणता?

उत्तर १: नोंदणी ही ढाल नाही. 'सेव्ह अवर इकोसिस्टिम्स विरुद्ध क्लार्क' (1984) या निकालात नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील कोर्टाने हे स्पष्ट केलं आहे. फिफ्रा या कीटकनाशक-तणनाशकांच्या नोंदणीच्या कायद्याखाली औषध नोंदलं गेलं, म्हणून नेपा या कायद्याखालचा, प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास टळत नाही. ईपीए सर्वसाधारण वापर तपासते. नेमक्या त्या उतारावर, त्या ओढ्याकाठी काय होईल हे खात्यानेच पाहायचं असतं. म्हणून 'औषध विषारी आहे' यावर दावा उभा करू नका, शास्त्रीय वादात कोर्ट खात्याकडेच झुकतं. खात्याने काय तपासलंच नाही ते दाखवा. ओढ्यापासून किती अंतर सोडलं? हाताने झुडपं कापण्याचा पर्याय खरोखर तोलला का? सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मिश्रणातले सर्फॅक्टंट, म्हणजे औषध पानावर पसरवणारे साबणासारखे पदार्थ. पीओईए हा असा पदार्थ असलेली ग्लायफोसेट उत्पादनं बेडकांच्या पिल्लांना नुसत्या ग्लायफोसेटपेक्षा कितीतरी जास्त घातक असतात.

उत्तर २: मुद्दा कितीही पक्का असो, मुदत चुकली की संपलं. मसुद्यावर वेळेत, लेखी आणि नेमकं म्हणणं दिलेलं नसेल तर पुढे खात्याकडे हरकत घेता येत नाही. मुद्दा नंतर उद्भवला असेल तरच सूट. नोटीस छापल्यापासून हरकतीला 45 दिवस, हेल्दी फॉरेस्ट्स कायद्याखालच्या (वणव्याचा धोका कमी करण्याच्या) प्रकल्पाला 30. ही पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर दावा तिथेच अडतो. संरक्षित मासा किंवा प्राणी असेल तर संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली दाव्याआधी 60 दिवसांची नोटीस वेगळी.

प्रश्नकर्ता: हरकतीला अभ्यासांचे दुवे जोडले तर चालतील?

उत्तर २: नाही, पूर्ण लेख जोडा, आणि नकाशाही. कोर्ट सहसा खात्याच्या फायलीतलंच वाचतं.

उत्तर ३: वरच्या 'क्लार्क' निकालातला 'सर्वांत वाईट शक्यता मांडा' हा भाग मात्र वापरू नका. तो नियम 1986 मध्ये रद्द झाला आणि 'रॉबर्टसन विरुद्ध मेथो व्हॅली' (1989) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्याच 2025 च्या 'सेव्हन काउंटी' निकालाने नेपाच्या दाव्यांत खात्यांना आणखी मोकळीक दिली आहे. जिंकलात तरी बहुधा अभ्यास पुन्हा करायचा आदेश मिळतो, कायमची बंदी नाही. हेलिकॉप्टरने फवारणी असेल तर स्वच्छ पाणी कायदाही पाहा: 'फोर्सग्रेन' (2002) खटल्यात नदीवर पडणाऱ्या हवाई कीटकनाशक फवारणीला परवाना लागतो असं ठरलं.