'संवेदी नियंत्रण' : कोणाचं, कोणावर?

(शब्द शोधणाऱ्यांच्या गप्पा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं गाव दिलंय.)

परभणी : प्रबंधाचा सारांश मराठीत करायलोय. डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूला झटका द्यायचा आणि स्पर्शावर हाताची हालचाल कशी बेतली जाते ते तपासायचं, असं काम. मार्गदर्शकांनी सुचवलेलं शीर्षक : 'मेंदू-उत्तेजनाद्वारे हस्तचालनाच्या संवेदी नियंत्रणाचा अभ्यास'. आईला वाचून दाखवलं, तर म्हणली, "उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं का रे?"

लातूर : आईचं बरोबरच आहे. उत्तेजन म्हणजे पाठीवर थाप. 'उद्दीपन' घ्या. रसशास्त्रात चांदणं, कोकिळेची साद हे उद्दीपन विभाव, म्हणजे बाहेरून येऊन आतला भाव चेतवणारे. तुमची कॉइलही बाहेरच असते ना?

नांदेड : मी फिजिओथेरपीत आहे. आमच्याकडं पेशंट सरळ विचारतात, "करंट लावणार का?" इथं तो शब्द फार चुकीचा नाही. चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदललं की मेंदूत खरोखर विद्युतप्रवाह तयार होतो. 1985 मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डला बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. कवटी न उघडता, जवळपास न दुखता हाताचे स्नायू हलले. त्याआधी 1980 मध्ये टाळूवरून थेट विजेचा झटका देऊन हे जमलं होतं, पण ते चांगलंच दुखायचं. म्हणून 'शॉक' मात्र लिहू नका, माणसं घाबरतात.

'उत्तेजन' नको, याला माझं कारण वेगळं. झटक्यानं काम वाढतंच असं नाही, कधी बिघडतंही. 2005 च्या एका प्रयोगात, माणूस वस्तू धरायला हात पुढं नेत असतानाच ती फिरवली आणि पार्श्विका खंडात (मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा भाग) झटका दिला. हाताला पकड वेळेत बदलता येईना. याला उत्तेजन कसं म्हणायचं?

परभणी : पटलं, उद्दीपन. आता 'संवेदी नियंत्रण'?

लातूर : 'संवेदी चेतापेशी' पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळं 'संवेदी'ला हरकत नाही. घोळ पुढं होतो. 'संवेदी नियंत्रण' वाचून कोणालाही वाटेल, संवेदना आवरायच्यात. म्हणजे इंद्रियनिग्रहच की! तुमच्या विषयात तर संवेदनाच हाताला आवरतात. क्रियापद आणा, कर्ता आपोआप दिसेल.

बीड : भरलेली कळशी हातातून सटकायली की आपण विचार करायच्या आत पकड आवळतो. त्याला आमच्याकडं 'हाताला अंदाज असणं' म्हणतात. तेच लिहा की.

नांदेड : अंदाज छान आहे. घसरण बोटांना जाणवल्यापासून साधारण 70-80 मिलिसेकंदांत पकड वाढते. बोटं बधिर केली तर हा अंदाज जातो आणि माणूस वस्तू उगाच घट्ट धरतो. पण प्रबंधात 'अंदाज' चालणार नाही, परीक्षक त्याचा अर्थ अटकळ असा घेतील.

आणखी एक. मनगटातल्या नसेला (नर्व्हला, रक्तवाहिनीला नव्हे) हलका करंट देऊन सुमारे 20 मिलिसेकंदांनी मेंदूच्या हालचालीच्या भागावर झटका दिला, तर हाताच्या स्नायूचा प्रतिसाद लहान येतो. म्हणजे आत येणारी संवेदना बाहेर जाणारा हुकूम दाबते. तिथं 'अवरोध' लिहा, 'नियंत्रण' नको.

परभणी : मग असं? 'चुंबकीय उद्दीपनातून शोध : स्पर्श हाताच्या हालचालीला वळण कसं लावतो'.

लातूर : 'वळण लावणं' पोरांना. 'दिशा देतो' करा.

बीड : दिशा तर डोळेपण देतात. मला 'सांभाळतो' बरं वाटायलंय.