मदत हवी आहे: तुंबा नेमका कोणता, ल्यूकस अ‍ॅस्पेरा की लॅव्हेंड्युलिफोलिया?

माझ्या तुंब्याच्या रोपाची प्रजाती (genus) ओळखायला अडचण नाही. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, पेऱ्यांवर गोल झुबक्यांत दोन ओठांची पांढरी फुलं आणि वरच्या ओठावर दाट पांढरी लव. म्हणजे ल्यूकसच. गाडी अडली आहे ती जातीवर (species).

ल्यूकसचीच तिसरी जात सेफालोटिस बाद केली, कारण तिचा शेंड्याचा फुलांचा गोळा चांगला मोठा आणि त्याखाली रुंद छदं (फुलांखालची पानांसारखी अंगं) एकमेकांवर चढलेली असतात. माझ्या नमुन्याची छदं अरुंद, टोकाला राठ केस असलेली. संवर्त (फुलाच्या तळाचा हिरवा पेला) वाकडा, त्याचं तोंड तिरपं, वरचा दात मोठा. पण हे वर्णन वर दिलेल्या दोन्ही जातींना लागू पडतंय! पानं बारीक आहेत खरी, तरी निव्वळ रुंदीवर माझा भरवसा नाही; कोरड्या जागेत पानं तशीही आक्रसतात.

फोटोवरून ओळखणारं अ‍ॅप दर फोटोला वेगळं नाव देतं, त्यामुळे कृपया तो सल्ला नको. १० पट भिंग आहे, सूक्ष्मदर्शक नाही. फळं अजून धरलेली नाहीत.

जुन्या पुस्तकांतली लिनिफोलिया म्हणजे लॅव्हेंड्युलिफोलियाच, हे ठाऊक आहे. डीएनए अभ्यासांनंतर ल्यूकस ही प्रजातीच एकसंध उरलेली नाही, दीपमाळ या वनस्पतीची लिओनोटिस प्रजातीही तिच्यातच येऊन बसते, पण तो वाद इथे बाजूला ठेवू.

खोडावरची लव किंवा संवर्त, यांतलं भिंगातून दिसणारं कोणतं लक्षण या दोघींना खात्रीनं वेगळं करतं? आणि नमुना वाळल्यावरही ते टिकतं का?