'चार्ज'ला मराठीत एकच मूळ धरावं की क्षेत्रागणिक वेगळा शब्द?

शब्दवेल्हाळ

इंग्रजी 'चार्ज' आला की आपण आकार, शुल्क, आरोप, कार्यभार, प्रभार, बोजा, हल्ला अशी यादी काढतो आणि मुलांकडूनही तीच पाठ करून घेतो. माझ्या मते ही पद्धत चुकीची आहे. या सगळ्यांच्या मुळाशी एकच क्रिया आहे, ओझं चढवणं. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडा, त्यावरून 'कार्रिकारे' म्हणजे गाडा भरणं. तेच जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याच कुळातली. गाड्यावर माल चढतो, बंदुकीत दारू भरतात, माणसावर जबाबदारी येते, संशयितावर गुन्हा, जमिनीवर कर्ज, गिऱ्हाइकावर रक्कम. 'कशावर काय लादलं?' एवढं विचारलं की अर्थ हाती लागतो.

आणि मराठीत त्यासाठी 'भार' तयार आहे: पदभार, कार्यभार, विद्युतभार. अर्थसंकल्पातला 'भारित' खर्चसुद्धा तोच. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, राज्याच्या कर्जावरचं व्याज हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२(३) प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारी तिजोरीवर, थेट चढवलेले असतात, म्हणून त्यांच्यावर सभागृहात मतदान होत नाही. हे 'भारित' या शब्दातूनच कळतं. मग परिभाषा 'भार'भोवतीच का बांधू नये?

कूलोम

विजेच्या क्षेत्रात हे एक दिवसही चालणार नाही. महावितरणचं बिल समोर ठेवा. वर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, किलोवॅटमध्ये. तो लोड आहे, चार्ज नाही. खाली 'स्थिर आकार' येतो, म्हणजे एकही युनिट जाळलं नाही तरी द्यावी लागणारी रक्कम. मग 'वीज आकार', जो वापरलेल्या युनिटांवर टप्प्याटप्प्याने लागतो, आणि वीज तारांतून वाहून आणल्याबद्दलचा 'वहन आकार'. हे तिन्ही चार्ज. त्यानंतर 'वीज शुल्क', घरगुती ग्राहकाला १६ टक्के. हा चार्ज नव्हे, राज्य सरकारचा कर आहे. लोडला भार, चार्जला आकार, ड्युटीला शुल्क, अशी तीन शब्दांची वाटणी बसलेली आहे. उद्या 'स्थिर भार' छापलं तर वाचणाऱ्याला वाटेल, मंजूर किलोवॅटच बदलले. शिवाय 'भारनियमन' हा शब्द घराघरात आहे. तिथला भारही लोडच.

रसायनशास्त्रात तर गोंधळ अजून मोठा. 'अणुभार' म्हणजे अणूचं वजन, हे कित्येक पिढ्या शिकल्या. अशा वेळी विद्युत चार्ज नसलेल्या न्यूट्रॉनला 'भाररहित कण' म्हटलं, तर त्याला वस्तुमानच नाही असं मूल समजून बसेल. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जडच असतो. म्हणून विद्युत चार्जसाठी 'प्र' लावून 'प्रभार' वेगळा काढला, आणि तो हवाच.

उलटतपासणी

कायद्यात एकच शब्द धरण्याचा हट्ट धोक्याचा आहे. इथे 'चार्ज' हा कार्यवाहीचा एक नेमका टप्पा आहे. फिर्यादीत जो असतो तो आरोप. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात देतात ते दोषारोपपत्र. ते गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही, तर कोठडीतल्या माणसाला जामिनाचा हक्क मिळतो. पण दोषारोपपत्र दाखल झालं म्हणजे दोषारोप, म्हणजेच 'चार्ज', ठेवला गेला, असं नाही. तो न्यायाधीश ठेवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम २३४ आणि २३५ मध्ये त्यात काय असावं ते दिलंय: गुन्ह्याचं नाव, कलम, वेळ, जागा, कोणाविरुद्ध किंवा कशाविरुद्ध. सत्र न्यायालयाने तो दोषारोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत ठेवावा, असंही कलम २६३ सांगतं.

आता परदेशी बातम्यांचं भाषांतर बघा. ब्रिटनमध्ये पोलीस एखाद्याला 'चार्ज' करतात. मराठीत ते कधी 'दोषी ठरवले' होऊन छापलं जातं. खटला उभाही राहिला नाही आणि माणूस दोषी! तिथे 'गुन्ह्याचा ठपका ठेवून खटला भरण्याचा निर्णय' असंच लिहायला हवं. ओझ्याची व्युत्पत्ती इथे काही कामाची नाही. आणि लाठीचार्जचं काय करणार? लोकांनी 'लाठीमार' केलं, ते बरोबरच केलं.

फेरफार

वरच्या दोघांचं मान्य, पण जमिनीच्या बाबतीत शब्दवेल्हाळ यांची बाजू मजबूत आहे. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात गहाण असो वा चार्ज, दोन्ही 'बोजा' म्हणूनच चढतात. कायद्यात मात्र ते दोन वेगळे प्रकार आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ प्रमाणे गहाणात मालमत्तेतला हितसंबंध सावकाराकडे जातो. कलम १०० च्या चार्जमध्ये तो जात नाही, मालमत्ता फक्त तारण म्हणून बांधली जाते. फरक पडतो तो विक्रीच्या वेळी. चार्जची माहिती नसताना कोणी मोबदला देऊन जमीन घेतली, तर एरवी तो चार्ज त्या खरेदीदाराविरुद्ध चालवता येत नाही. म्हणून तर नोंद होणं महत्त्वाचं. तिथे 'गहाण' आणि 'भार' हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे लिहिले, तर सातबारा वाचणाऱ्याला निदान पुढचा प्रश्न तरी सुचेल. 'बोजा'ने दोन्ही झाकून टाकले आहेत.

शब्दवेल्हाळ

बिलाचं आणि अणुभाराचं उदाहरण बिनतोड आहे, परिभाषेपुरता मी आग्रह सोडतो. पण शिकवण्याचा मुद्दा सोडत नाही. पुढचं शब्दयोगी अव्यय बघायला शिकवा: 'चार्ज फॉर' आलं की पैसे, 'चार्ज ॲट' आलं की अंगावर धावून जाणं, 'चार्ज टू' आलं की खात्यावर मांडणं. हिशेबाच्या भाषेत नावे टाकणं, किंवा खर्ची टाकणं. 'चार्ज विथ' आलं तर पुढचं नाम वाचायचं. 'थेफ्ट' असेल तर आरोप, 'टास्क' असेल तर कामगिरी सोपवणं. दोन्हीकडे वाक्याची ठेवण एकच, कारण दोन्हीकडे माणसावर काहीतरी चढवलंय. हे यादीने कधीच समजत नाही.

मुद्रितशोधक

अव्ययांची युक्ती चांगली आहे, पण सगळ्यात जास्त चुका जिथे होतात तिथेच ती तोकडी पडते. 'द नर्स इन चार्ज ऑफ द चाइल्ड' आणि 'द चाइल्ड इन द चार्ज ऑफ द नर्स'. एका 'द'ने दिशा उलटते. पहिल्यात नर्स सांभाळणारी, दुसऱ्यात मूल सांभाळलं जाणारं. ओझ्याच्या सूत्रात 'द'ला जागाच नाही. तसंच 'हर यंग चार्जेस' म्हणजे तिच्या देखरेखीखालची लहान मुलं. 'तिचे कोवळे आरोप' असं मुद्रितात आलेलं मी खोडलं आहे.

'चार्ज्ड ॲटमॉस्फिअर'बद्दलही जपून. भार मानणारे हमखास 'भारलेलं वातावरण' लिहितात. मराठीत भारणं हे मंत्राचं काम. भारलेला ताईत, सुरांनी भारलेली सभा. त्यात मोहून जाणं आहे. इंग्रजी बातमीतली 'चार्ज्ड' बैठक बहुतेक वेळा भांडणाच्या काठावर असते. ती 'तापलेली' लिहा.

कूलोम

एक राहिलंच. पाठ्यपुस्तकासाठी लिहिणाऱ्यांनी मोबाइलच्या बॅटरीला 'प्रभारित करणे' लिहू नये. चार्ज झालेल्या बॅटरीवर निव्वळ प्रभार शून्यच असतो. चार्जर एका टोकाकडून इलेक्ट्रॉन ओढून दुसऱ्या टोकाकडे ढकलतो, आत लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, एकूण बेरीज तीच राहते. साठते ती रासायनिक ऊर्जा. ५००० मिलीअँपिअर-तास हा आकडा बॅटरीत कोंबलेल्या प्रभाराचा नाही. पूर्ण उतरेपर्यंत बाहेरच्या मंडलातून (सर्किटमधून) वाहणारा तो प्रभार, १८,००० कूलोम (कूलोम हे प्रभाराचं एकक). म्हणून तिथे सरळ 'चार्ज करणे'च ठेवा. फ्रिजवाल्याच्या 'गॅस चार्जिंग'ला मात्र मराठी शब्द आहेच, गॅस भरणे. पाटीवर लिहिलेले ग्रॅम बघून, काट्यावर तोलून.