मदत हवी आहे : कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करावा का?

नमस्कार मंडळी. वय ४९, पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवण्याचं काम करते. रोज आठ-नऊ तास स्क्रीनसमोर. चाळिशी लागल्यावर वाचायचा चष्मा घेतला, पण तो हातातल्या पुस्तकासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरसाठी. स्क्रीन ६५ सेंटिमीटरवर, तिथे सगळं धूसर. गेल्या महिन्यात प्रोग्रेसिव्ह केला, म्हणजे लांबचं, मधलं, जवळचं सगळं एकाच काचेत. रस्त्यावर उत्तम, पण त्यात स्क्रीनच्या अंतराचा पट्टा अरुंद आहे, म्हणून हनुवटी वर करून बघावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. खरी काळजी वेगळीच आहे: अनुस्वार आणि रफार सुटायला लागलेत. २२ वर्षांत असं झालं नव्हतं, फार जिवाला लागलंय.

डोळे कोरडे पडतात, ते पापण्या कमी लवतात म्हणून, हे कळलंय. मुद्दाम मिटते, अधूनमधून खिडकीबाहेर बघते. थोडा आराम पडतो.

फक्त स्क्रीनच्या अंतराचा एकच नंबर घातलेला चष्मा कुणी वापरतं का? की ऑफिस लेन्स (स्क्रीन आणि जवळचं वाचन, दोन्हीसाठीची) बरी? समोर मूळ प्रतही ठेवावी लागते हो. आणि कोथरूड किंवा पेठांमध्ये टेबल ते स्क्रीन अंतर विचारून, शांतपणे नंबर काढणारं कुणी माहीत असेल तर नक्की सांगा.